सुडाला साजेशी पिशवी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०

आजपासून नोंदी ठेवणार. वही कारखान्याची आहे. काचसामानाच्या पॅकिंग विभागात तुटफुटीच्या नोंदीसाठी मिळते. माझ्या पाळीत तुटफूट होत नाही, त्यामुळे वह्या कोऱ्या राहतात.

या वहीचा विषय एकच. सूड.

दादाला जाऊन आज नऊ दिवस झाले. रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. चौथ्या दिवशी बँडमास्तर भेटायला आला. बरोबर बँडमधले तिघे. दादा दिवसभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचायचा आणि गुरुवारी-रविवारी संध्याकाळी या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. अठ्ठावीस वर्षं. ट्यूबा म्हणजे पितळेचं सगळ्यांत मोठं फुंकवाद्य. मांडीवर घेतलं की मागे माणूस बसलाय की नाही ते कळत नाही. ट्यूबा बँडचा नाही, दादाचा स्वतःचा.

बँडमास्तरने दोन कप चहा घेतला. बिस्किटं घेतली. दादा फार शिस्तीचा होता, असं म्हणाला. (साफ खोटं.) मग कप खाली ठेवून विचारलं, वहिनी, वाद्याचं काय ठरवलंय?

चौथ्या दिवशी! माणसाच्या चपला अजून दारात, आणि ह्याचा डोळा पितळेवर.

वहिनी म्हणाली, न्या की. मला काय त्यात पाणी तापवायचंय?

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. एकदम बोलून गेलो, तसं नेता येणार नाही, पिशवी नाहीये. हे खरं आहे. दादा ते एका जुन्या रजईत गुंडाळून, वर दोरी बांधून नेत असे. बँडमास्तर म्हणाला, आम्ही चौघं आहोत, उचलून नेतो की. मी म्हणालो, पिशवी मी आणतो. तो म्हणाला, बरं, पण जरा लवकर बघा, पाच एप्रिलला वार्षिक कार्यक्रम आहे.

जरा लवकर. हे दोन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यावर मी काय म्हणालो? म्हणालो, अजून थोडा चहा घ्या. पण ते वरवरचं होतं.

ठरलं ते असं. अशी पिशवी आणायची की अख्ख्या बँडने तोंडात बोट घालावं. ती घरून द्यायची नाही. त्यांची तालीम चालू असताना, सगळ्यांसमोर, स्वतः नेऊन द्यायची. आणि देताना एक वाक्य बोलायचं. एकच. ते ऐकून बँडमास्तरच्या हातातली ताल द्यायची काडी गळून पडली पाहिजे. वाक्य अजून तयार नाही. आधी पिशवी.

यापुढे या वहीत त्याचा उल्लेख काडीवाला असा करावा.

५ मार्च, गुरुवार. संध्या. ७

ट्यूबाची मापं घेतली. उंची पंच्याण्णव, तोंडाचा व्यास पंचेचाळीस. वहिनी भाजी निवडत बघत होती. म्हणाली, भाऊजी, सदरा शिवताय का त्याला?

वजनासाठी ट्यूबा कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. ट्यूबामुळे काटा दिसेना. वहिनीला वाचायला सांगितलं. ती वाकून म्हणाली, एक्काहत्तर, आणि त्यातले तुम्ही किती?

एकसष्ट. म्हणजे ट्यूबा दहा.

पॅकिंगचा नियम: नाजूक मालाभोवती सगळीकडून दहा सेंटिमीटर मोकळं सोडायचं. ते मिळवून अंतिम मापं काढली. हे ज्ञान शहरात फार थोड्यांकडे आहे. काडीवाल्याकडे तर नाहीच.

७ मार्च, शनिवार

वाद्यांच्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण आणि उद्धट. त्याने विचारलं, व्हॉल्व्ह वरून आहेत की पुढून? चार की पाच? तोंड वाजवणाऱ्याच्या उजवीकडे वळतं की डावीकडे?

ट्यूबा आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं आहे. पण अशा गोष्टी कोण बघत बसतो? मी म्हणालो, मध्यम.

त्याने एक काळी पिशवी दाखवली. अंगठ्याने दाबून पाहिली. फोम वीस मिलिमीटर, तोही लेचापेचा. अशा फोममध्ये मी चहाचा कपसुद्धा पाठवणार नाही. विक्रेता म्हणाला, साहेब, सगळे हीच नेतात, शहरातल्या बँडवाल्यांकडेही हीच आहे.

तिथेच विषय संपला. शत्रूकडे आहे तीच पिशवी घेऊन सूड उगवता येत नाही.

८ मार्च, रविवार

वाक्याचा पहिला मसुदा: महाशय, ज्या वाद्याकडे आपण केवळ पितळ म्हणून पाहिलेत, त्या वाद्यामागे अठ्ठावीस वर्षे जो मनुष्य बसला होता, त्याच्या जाण्याला पुरते चार दिवसही उलटले नसताना आपण ज्या तत्परतेने ते मागण्यास आलात, ती तत्परता आपण त्याच्या हयातीत त्याची विचारपूस करण्यात दाखविली असती तर.

तर काय, ते सुचेना. मोठ्याने म्हणून पाहिलं. 'तत्परतेने'पाशी दम संपला. फुंकणाऱ्या लोकांपुढे दम लागणं बरं नाही. काटछाट करावी.

१० मार्च, मंगळवार. जेवणाची सुट्टी

वाक्य आता असं: घ्या! चौथ्या दिवशीच मागितलं होतंत ना?

सुटसुटीत. झोंबणारं. गोदामात खोक्यांच्या थप्पीसमोर उभा राहून सात वेळा म्हटलं. सातव्या वेळी आवाजात जरब आली. वळून बघतो तर आमच्या विभागातला सहकारी दारात. तो मागे फिरला आणि दोन मिनिटांनी माझी खोक्यांना चिकटपट्टी मारायची टेपगन आणून ठेवली. गेल्या वर्षी हरवलेली. म्हणाला, चौथ्या दिवशी नव्हती हो नेली, पण सॉरी.

वाक्यात ताकद आहे.

१२ मार्च, गुरुवार

काडीवाल्याचा फोन. वहिनीला. मी तुटफुटीची वही चाळत बसल्याचं दाखवलं. बावीस मिनिटं बोलले. वहिनी दोनदा हसली. दादा गेल्यापासून या घरात कुणी हसलं नव्हतं आणि पहिलं हसू काडीवाल्याने पळवलं.

काय म्हणत होता, असं सहज विचारलं. वहिनी म्हणाली, काही नाही, यांची एक आठवण सांगत होता, एकदा कार्यक्रमात हे झोपलेच आणि तरी बरोबर जागेवर वाजवलं.

मला ही आठवण दादाने कधी सांगितली नाही. काडीवाल्याच्या गुन्ह्यांत भर.

मग वहिनी म्हणाली, पिशवीचं कुठवर आलंय, तो विचारत होता. मी म्हणालो, चांगल्या कामाला वेळ लागतो. ती म्हणाली, भाऊजी, पिशवीच आहे ना ती?

१४ मार्च, शनिवार. दुपारी

बाजारात मिळणाऱ्या पिशव्यांचा नाद सोडला. कॅनव्हासवाल्याकडे शिवायला टाकली. हा माणूस ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं आणि तंबू शिवतो. मापं ऐकून म्हणाला, आत काय जाणार आहे? माणूस की जनावर? मी म्हणालो, वाद्य. तो म्हणाला, असं काय वाजवता हो तुम्ही?

त्याला बसवून सगळं नीट समजावलं. पन्नास मिलिमीटरचा कडक फोम, मी स्वतः आणून देईन. दुहेरी शिवण. चेन पितळी. पट्टे चार, एक तुटला तर तीन उरतील. तळाला रबर. तो मान डोलवत होता, पण लिहून घेत नव्हता. मी लिहून दिलं. दोन पानं.

रंग काळा हवा होता. प्रसंगाला शोभेल असा. पण काळं कापड संपलं आहे. फक्त भगभगीत नारिंगी शिल्लक आहे, बोटीतल्या लाइफ जॅकेटचं उरलेलं. आधी नको म्हणालो. वाटेत विचार केला. नारिंगी लांबून दिसतो. मी दारात पाऊल ठेवलं की काडीवाल्याला पिशवी दिसेल आणि मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा ताल चुकलेला असेल. परत जाऊन नारिंगीच सांगितली.

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी घरात बसून होतो. या वेळी दादा जिन्यातून ट्यूबा उतरवत असायचा. मोठा आवाज व्हायचा.

आज नाही झाला.

१९ मार्च, गुरुवार. रात्री ८

काडीवाला घरी येऊन गेला. न कळवता, तालमीला जाता जाता. बरोबर एक बाई, दवाखान्यात नर्स आहे. उंचीला ट्यूबापेक्षा थोडी जास्त. ही म्हणे दादाच्या खुर्चीवर बसणार. आतापर्यंत भाड्याच्या वाद्यावर शिकत होती, ते परत द्यावं लागलं. काडीवाला म्हणाला, फक्त दहा मिनिटं हाताळू द्या, इथेच बसून.

मी म्हणालो, सध्या शक्य नाही, मापं चालू आहेत.

वहिनी म्हणाली, अजून?

नर्स ट्यूबाजवळ गेली, हात न लावता वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, व्हॉल्व्ह कोरडे पडलेत हो, तेल घालता ना? महिनाभर तसंच राहिलं तर अडकून बसतील.

मी तिच्याकडे असं काही बघितलं की ती तीन पावलं मागे सरली. (मागे कपाट उघडायचं होतं म्हणून सरली असं वहिनी म्हणते. दादाच्या खणातली तेलाची बाटली तिला वहिनीनेच दाखवली.) नर्सने माझ्यादेखत चार थेंब घातले आणि बोटांनी व्हॉल्व्हच्या कळा खालीवर केल्या. टक, टक, टक असा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा आहे. दादा टीव्ही बघता बघता असंच करत बसायचा. मी त्याला अनेकदा थांबवलंय.

ते गेल्यावर वहिनीने तेलाची बाटली परत खणात ठेवली. मग म्हणाली, भाऊजी, देऊन टाकू या. ते असं कोपऱ्यात मुकं बसलेलं बघवत नाही मला. माणूस गेला तो गेला, हे तरी बोलू दे.

मी म्हणालो, बोलायला घरात कधी बोललंय ते?

ती म्हणाली, कसं बोलेल? चिठ्ठी कुणी लिहिली होती?

हे प्रकरण उगाच उकरलं. खुलासा नोंदवून ठेवतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दादाने घरात सराव सुरू केला तेव्हा माझी नोकरीची परीक्षा होती. मी सराव बाहेर करण्याची विनंती केली होती. एकदाच. लेखी. परीक्षा संपल्यावर विनंती मागे घ्यायची राहून गेली, एवढंच. आणि दादानेही आठवण केली नाही.

काडीवाला आणि नर्स यांनी मिळून वहिनीला फितवलं आहे. सूड आता दुप्पट.

२४ मार्च, मंगळवार

पिशवी आली! कॅनव्हासवाला स्वतः हातगाडीवर घालून घेऊन आला, फोम वेगळा बांधून. नारिंगी, भक्कम, चार पट्टे. फोम आत सरकवून उभी केली तर माझ्या छातीला लागते. वहिनीने दार उघडलं आणि मागे सरून वाट दिली, पाहुण्याला देतात तशी. मग नीट न्याहाळून म्हणाली, हे आणि तुम्ही, दोघंही मावला असतात हो यात.

ट्यूबा आत घातला. दहा सेंटिमीटर मोकळं सोडलं होतं, त्यात तो खडखडायला लागला. हे अपेक्षितच होतं. कारखान्यातून आणलेले फोमचे तुकडे चहूबाजूंनी ठासून भरले. आता हलवलं तरी हूं की चूं नाही.

आयुष्यात इतकं चांगलं पॅकिंग मी केलेलं नाही. गुरुवारी तालमीच्या वेळी नेणार. वाक्य तयार आहे. काडीवाल्या, भरले तुझे दिवस.

२६ मार्च, गुरुवार. संध्या. ६.१५

पिशवी दारातून बाहेर जात नाही.

६.४०

दाराची चौकट बाहत्तर. पिशवीचं तोंड पंच्याहत्तर. गोल असल्यामुळे तिरकी करून उपयोग नाही. फोम दबेल म्हणून रेटा दिला. माझा फोम दबत नाही, तोच तर त्याचा गुण. एकदा पिशवी चौकटीत अशी बसली की मी जिन्यात आणि वहिनी घरात. वीस मिनिटं. शेजारीण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. वहिनी आतून म्हणाली, भाऊजी, दाराचं माप नाही का घेतलंत?

दार हा डिस्पॅच विभागाचा विषय असतो. पॅकिंगवाले दाराचं माप घेत नाहीत. बावीस वर्षांत कुणी मला विचारलेलं नाही.

आजची तालीम हुकली. हरकत नाही. कार्यक्रमाच्या आधी अजून एक रविवार आणि एक गुरुवार आहे. उशिरा आलेला सूड जास्त झोंबतो.

२८ मार्च, शनिवार. सकाळी १०

उपाय सापडला. फोम काढून पिशवी घडी करून दाराबाहेर न्यायची, ट्यूबा वेगळा न्यायचा आणि जिन्यात पुन्हा पॅकिंग करायचं.

त्याआधी एकच काम बाकी. आपटचाचणी. तिच्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नाही. कमरेएवढ्या उंचीवरून दहा वेळा टाकायचं: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहादा सपाट बाजूंवर. काही विभागांत यासाठी वाळूची पोती वापरतात. माझ्या विभागात नाही. खऱ्या मालावर केली नाही ती चाचणीच नव्हे, हा नियम मीच घालून दिला आहे. बोर्डावर लावलेला आहे.

वहिनी बाहेर गेली आहे. चांगली संधी.

११.२०

गोल पिशवीला कोपरा नसतो हे वर उचलल्यावर लक्षात आलं. कोपरा असता तर जिथे असता, त्या जागेवर टाकली.

११.२५

तोंडाला पोचा आला आहे. बशीएवढा.

११.३०

उरलेल्या नऊ चाचण्या रद्द.

१२.००

शांतपणे विचार करता चूक माझी नाही. पितळ इतकं मऊ असेल असं काचेच्या माणसाला कसं कळावं? काच एक तर टिकते नाही तर फुटते. मधलं काही नसतं.

तरी पोच्यावरून हात फिरवून पाहिला. दादा, चुकलो रे.

(वरची ओळ खोडायची आहे.)

२९ मार्च, रविवार

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. ट्यूबा रजईत गुंडाळून, दोरी बांधून नेला. तात्पुरती सोय म्हणून. तसा तो दारातून, बसमधून आणि दुकानाच्या अरुंद जिन्यातून व्यवस्थित गेला. हा योगायोग आहे.

दुरुस्तीवाला म्हातारा आहे. पोचा बघून म्हणाला, हे कुणी केलं?

मला आयतीच संधी दिसली. म्हणालो, बँडमास्तरने.

त्याने भुवया उंचावल्या. मग रजईकडे बघून म्हणाला, अरेच्चा, हे तर मीटरवाल्यांचं. तुम्ही त्यांचे धाकटे का? बसा बसा. मग ट्यूबा उताणा करून एकेक जागा दाखवू लागला. हा पोचा मी काढलेला, हा मी काढलेला, हे दोन एकाच दिवशीचे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर आपटायचा म्हणे दर वेळी. अकरा पोचे काढले मी त्यांचे. दर वेळी म्हणायचे, वळण वाईट आहे हो, नाही तर मी फार जपतो.

मी म्हणालो, आवाजावर परिणाम होत असेल.

तो म्हणाला, छे. पोच्याने आवाज जात नाही. न वाजवल्याने जातो.

मंगळवारी मिळेल म्हणाला. बाहेर पडताना मन हलकं झालं. म्हाताऱ्याच्या मनात काडीवाल्याची प्रतिमा कायमची डागाळली. सुडाचा पहिला हप्ता.

३१ मार्च, मंगळवार. संध्या. ५.४५

कारखान्यातून थेट दुरुस्तीवाल्याकडे गेलो. ट्यूबा नाही. काडीवाला घेऊन गेला.

झालं ते असं. म्हाताऱ्याची आणि काडीवाल्याची जुनी ओळख. पोचा बघून म्हाताऱ्याला राहवेना, त्याने त्याच रात्री फोन करून काडीवाल्याला फैलावर घेतलं. माणूस जाऊन महिना झाला आणि तुम्ही त्याचं वाद्य आपटता? काडीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. विचारलं, कोण म्हणालं? म्हातारा म्हणाला, त्यांचा धाकटा भाऊ. काडीवाला म्हणाला, हो, माझ्याच हातून झालं. आज दुपारी आला, बिल देऊन टाकलं, आणि चूक माझी तर नेण्याची जबाबदारीही माझीच, असं म्हणून दुकानातल्या पडद्यात गुंडाळून घेऊन गेला.

खोटं बोलला! धडधडीत! आणि तेही माझं खोटं.

रजई परत मिळाली. घडी घालून ठेवली होती.

७.००

वहिनीला सगळं सांगावं लागलं. तिने पदर तोंडाला लावला. रडत असेल म्हणून मी पाणी आणलं. हसत होती.

१ एप्रिल, बुधवार

माघार नाही. पिशवी तर आहे! उद्या तालीम. रिकामी पिशवी घेऊन जायचं आणि सगळ्यांसमोर ते वाक्य बोलायचं. 'घ्या!' कायम ठेवावं. पुढचं 'मागितलं होतंत ना' जास्त जोरात. दाढी करून जावं.

२ एप्रिल, गुरुवार. रात्री ९

काय घडलं ते क्रमाने लिहितो.

पिशवी घडी करून दाराबाहेर काढली, जिन्यात फोम भरला. दुसऱ्या वळणावर आपटली. वळण खरंच वाईट आहे. बसमध्ये तिला एक अख्खी सीट लागली. कंडक्टर म्हणाला, आत काय आहे? मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, काही नाहीला एवढी मोठी पिशवी?

तालमीचा हॉल शाळेच्या मागे आहे. मी तिथे पहिल्यांदाच गेलो. दारात पिशवी अडकली नाही (चौकट नव्वद). वीस-बावीस माणसं वाजवत होती. नारिंगी रंगाचं काम झालं, एकेक वाद्य बंद पडत गेलं. शेवटी ट्यूबा थांबला. मागे नर्स होती, पण तिचे फक्त बूट दिसत होते.

काडीवाल्याने वळून बघितलं. काडी खाली ठेवली. पडली नाही. स्वतः ठेवली, स्टँडवर.

सगळे माझ्याकडे बघत होते. हीच ती वेळ. मी छाती भरून घेतली. म्हणालो,

पट्टे चार आहेत. चेन तळाकडून लावायची.

असं का बोललो माहीत नाही.

काडीवाला जवळ आला. पिशवी चारी बाजूंनी बघितली, अंगठ्याने दाबली. म्हणाला, मीटरवाल्यांनी सांगितलंच होतं. मी विचारलं, काय? तो म्हणाला, दर वर्षी म्हणायचे. कुणी गेल्याची बातमी आली की हसून म्हणायचे, मास्तर, माझं काही झालं तर चार दिवसांच्या आत जाऊन वाद्य मागा. लाजू नका. धाकटा एकदा बांधाबांधीला लागला की जन्मात बाहेर यायचं नाही ते. अहो, चौथ्या दिवशी सकाळपासून तुमच्या घराखाली फेऱ्या मारत होतो मी. वहिनींसमोर कुठल्या तोंडाने मागणार? पण दिवस संपत आला होता.

मागच्या रांगेतला ढोलवाला म्हणाला, आम्हीच ढकललं त्यांना वर.

दादा असं बोलणं शक्य नाही. शब्द मात्र त्याचेच आहेत. 'बांधाबांधी' हा त्याचाच.

पोच्याबद्दल काडीवाला अवाक्षर बोलला नाही. सगळ्यांसमोर मला उघडं पाडू शकला असता. पाडलं नाही. यात काय डाव आहे ते अजून लक्षात येत नाही. रविवारी या, एवढंच म्हणाला. मी म्हणालो, बघतो. शक्य तितक्या तुसडेपणाने म्हणालो.

नंतर त्यांनी ट्यूबा पिशवीत घालून बघितला. नर्स म्हणाली, छान आहे हो, फक्त मला उचलता येणार नाही. ढोलवाल्याने विचारलं, मोठा ढोल जाईल का यात? गेला. अगदी बरोबर. माप घेऊन शिवल्यासारखा. पिशवी त्यांनी ढोलासाठी ठेवून घेतली.

४ एप्रिल, शनिवार

कार्यक्रमाला जाणार नाही. का जावं? उद्या घरीच बसायचं आणि काडीवाल्याला आपली रिकामी खुर्ची दाखवायची. तोच खरा सूड.

वहिनी म्हणाली, तुमची खुर्ची कुठली ते त्याला कसं कळणार? गेल्या अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी गेला होतात का?

मला गर्दी सोसत नाही. हे दादाला माहीत होतं. तो दर वर्षी तिकीट टेबलावर ठेवायचा आणि मी ते पुस्तकात खूण म्हणून घालायचो.

५ एप्रिल, रविवार. रात्री

गेलो. वहिनीला एकटीला पाठवणं बरं दिसलं नसतं.

ती पुढे बसली. मी मुद्दाम सगळ्यांत मागच्या रांगेत, काडीवाल्याच्या चुका टिपायला कागद-पेन्सिल घेऊन. सुरुवात झाली. वाद्यं पुष्कळ, आवाज मोठा. ट्यूबा दिसत होता, पण त्यातून काय निघतंय ते कळेना. दादाचा म्हणजे नक्की कुठला आवाज? सगळ्या आवाजांतून एकेक वजा करून पाहिलं. हाती काही लागलं नाही. शेवटी शेजारच्या वयस्कर गृहस्थांना विचारलं, माफ करा, यात ट्यूबा कुठला?

ते म्हणाले, कानाने नका शोधू. पुढच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवा.

ठेवला. दांडी गुरगुरत होती. बारीक, सलग, पोटात जाणारी. वाद्यवृंद थांबला की थांबायची, सुरू झाला की सुरू. दोन्ही हात ठेवले. कागद खाली पडला, पेन्सिल कुठे गेली ते बघितलं नाही.

कार्यक्रम दीड तास चालला. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात. काडीवाला तीनदा वाकला. मी बसूनच राहिलो आणि दांडीवरचे हात काढले नाहीत.

एकही टाळी वाजवली नाही त्याच्यासाठी. त्याला आयुष्यभर सलेल.